बांध एक, सातबारे दोन: चोवीस माशांच्या झाडातले स्प्लिट मोजताना

दिवाळीच्या सुट्या संपून कॉलेज नुकतंच सुरू झालं होतं. नांदेडकडच्या एका कॉलेजातली एमएस्सी प्राणिशास्त्राची विद्यार्थिनी सकाळच्या गाडीनं परभणीला माझ्याकडे आली. पिशवीत लॅपटॉप आणि प्रबंधाची स्पायरल बाइंडिंग केलेली प्रत. प्रतीच्या निकालांच्या प्रकरणात समासात पेन्सिलीनं एकच ओळ लिहिलेली होती: "२४ टोकांच्या झाडात २३ स्प्लिट कसे? पुन्हा मोजा." झाड म्हणजे माशांचा वंशवृक्ष, टोक म्हणजे त्यातला एकेक मासा; स्प्लिट म्हणजे काय ते पुढे येईलच.

"सर, मी मोजलेच नाहीत. सॉफ्टवेअरनं मोजले," ती म्हणाली.

आमच्या भागात 'आर' ही संगणकभाषा वापरणारे मास्तर फार नाहीत, म्हणून असली प्रकरणं फिरत फिरत माझ्याकडे येतात. बहुतेक अर्ध्या तासात सुटतात. हे दोन दिवस चाललं, आणि त्यात एक चूक माझीही निघाली, म्हणून सविस्तर लिहून ठेवतोय.

आधी तिचं काम काय होतं ते. गोदावरीतल्या माशांचे २४ नमुने: काही विष्णुपुरीच्या जलाशयातले, काही नांदेडच्या इतवारा बाजारातून घेतलेले, काही पैठणच्या नाथसागरातले. रोहू, कटला, मृगळ, मरळ, वाम, शिंगाळा, चिलापी. बाह्यगट म्हणून, म्हणजे झाडाचं मूळ कुठे ते ठरवायला घेतलेला लांबचा नातेवाईक म्हणून, एक नोटोप्टेरस मासा, कारण तो या बाकी सगळ्यांपासून फार आधी फुटलेला. प्रत्येक नमुन्याचे दोन जनुकांचे क्रम काढले होते. एक सीओआय, म्हणजे माइटोकॉन्ड्रियातला तो साधारण ६५० बेसचा, म्हणजे डीएनएच्या अक्षरांचा, तुकडा, जो २००३ नंतर जाती ओळखण्याचा 'बारकोड' म्हणून जगभर रूढ झाला. दुसरा सोळा-एस, तोही माइटोकॉन्ड्रियातलाच, पण सीओआयपेक्षा सावकाश बदलणारा. दोन्हींवरून आयक्यू-ट्री या झाडं बांधणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये एकेक वंशवृक्ष बनवला होता आणि 'आर'मध्ये आणून नोटोप्टेरसवर मूळ बसवलं होतं.

प्रबंधात या झाडांविषयी दोन विधानं होती. पहिलं: सीओआयच्या झाडातल्या २३ स्प्लिटांपैकी १४ ना ९५ किंवा त्याहून जास्त बूटस्ट्रॅप आधार (माहितीतून पुन्हा पुन्हा नमुने निवडून झाड बांधलं तर तो स्प्लिट शंभरात किती वेळा येतो तो आकडा) आहे, म्हणजे ६१ टक्के. दुसरं: दोन झाडांमधलं रॉबिन्सन-फोल्ड्स अंतर (एका झाडात आहेत पण दुसऱ्यात नाहीत अशा स्प्लिटांची दोन्हींकडची मिळून संख्या) १८ आहे, कमाल शक्य ४६ पैकी, म्हणजे ०.३९; सबब दोन जनुकं "लक्षणीय प्रमाणात विसंगत" आहेत. परीक्षकानं बोट ठेवलं पहिल्या विधानावर. दुसरं त्याच आकड्यावर उभं होतं हे तिच्या लक्षात आलेलं नव्हतं.

२३ आला कुठून ते लगेच दिसलं. तिनं 'आर'मधल्या 'एप' पॅकेजचं एननोड हे फंक्शन वापरलं होतं. ते आतल्या गाठी, म्हणजे जिथे फांद्या फुटतात त्या जागा, मोजतं, आणि अगदी बरोबर मोजतं. चुकलं ते आपण गाठीला स्प्लिट समजलो तिथे.

स्प्लिट गाठीचा नसतो, फांदीचा असतो. झाडाची एक फांदी कात्रीनं कापली तर टोकांचे दोन गठ्ठे होतात. ती वाटणी म्हणजे स्प्लिट. टोकाशी लागून असलेली फांदी कापली तर एक मासा इकडे आणि बाकी सगळे तिकडे. ही वाटणी प्रत्येक झाडात असतेच, तिच्यातून काही कळत नाही, म्हणून ती मोजत नाहीत. उरतात त्या आतल्या फांद्या. मूळ नसलेल्या आणि प्रत्येक गाठीला तीनच फांद्या असलेल्या झाडात त्या टोकांच्या संख्येहून तीनने कमी असतात. २४ टोकं, २१ स्प्लिट. परीक्षकाच्या डोक्यात हाच २१ होता.

पण "सूत्रात बसत नाही" एवढ्यावर तिचं समाधान होईना, आणि ते मला आवडलं. मग सहा माशांचं झाड कागदावर काढलं. डावीकडे रोहू-मृगळ एकत्र, त्यांना कटला जोडलेला. उजवीकडे मरळ-वाम एकत्र, त्यांना चिलापी जोडलेली. मधे मूळ. पाच गाठी. प्रत्येक गाठीखाली जे मासे येतात त्यांना १, बाकीच्यांना ०, असं तिला लिहायला सांगितलं. क्रम ठरवला: रोहू, कटला, मृगळ, मरळ, वाम, चिलापी.

मूळ: ११११११
डावी गाठ: १११०००
रोहू-मृगळ: १०१०००
उजवी गाठ: ०००१११
मरळ-वाम: ०००११०

पहिली ओळ तिनं स्वतःच खोडली. सगळे एकीकडे आणि पलीकडे कोणीच नाही, ही वाटणी कसली? मग दुसऱ्या आणि चौथ्या ओळीवर तिचं पेन थांबलं. थोडा वेळ बघत बसली आणि म्हणाली, "सर, हा तर एकच बांध झाला की. डावीकडच्याच्या सातबाऱ्यावरून बघा नाहीतर उजवीकडच्याच्या."

तिचं गाव वसमतकडचं, घरी हळद आणि सोयाबीन. बांधाचं मला शिकवायची गरज नव्हती. भावाभावांच्या वाटणीत प्रत्येकाच्या उताऱ्यावरून बांध मोजत गेलं तर एकच बांध दोनदा मोजला जाणार. झाडाला मूळ दिलं की नेमकं हेच होतं. मुळापाशी एका फांदीच्या दोन फांद्या होतात, वाटणी मात्र तीच राहते. मूळ काढून टाकलं की दोन्ही फांद्या परत एक. सहा टोकांत उरले तीन स्प्लिट, सहा वजा तीन.

तिच्या खऱ्या झाडात मात्र दुसरा स्प्लिट वेगळ्या वाटेनं गळतो. तिथे बाह्यगट एकच मासा होता. मुळाची एक फांदी जाते नोटोप्टेरसकडे, दुसरी बाकीच्या २३ कडे. दोन्हींची वाटणी एकच, आणि तीही 'एक विरुद्ध बाकी सगळे' या प्रकारची, म्हणजे मोजायचीच नाही. २३ गाठींतून मुळाची एक गेली, २३ माशांच्या गाठीची एक गेली, २१ उरले. बाह्यगटात दोन-तीन मासे असते तर जोडीतला एकच गळाला असता, आणि तरी उत्तर २१ च आलं असतं. दोन्ही वाटांनी आकडा तोच येतो, म्हणून पुष्कळांना यात दोन वेगळी कारणं आहेत हे कधी कळतच नाही.

हे सगळं 'ट्रीटूल्स' पॅकेजचं एनस्प्लिट्स एका ओळीत करतं. मूळ असो वा नसो, ते वेगवेगळे स्प्लिटच मोजतं. आयक्यू-ट्रीनं दिलेल्या मूळ नसलेल्या झाडावर एननोड २२ सांगत होतं, मूळ बसवल्यावर २३. एनस्प्लिट्स दोन्ही वेळा २१. स्प्लिटांची यादीच हवी असेल तर त्याच पॅकेजचं अ‍ॅज-स्प्लिट्स आहे. ते प्रत्येक वाटणी वर लिहिली तशी शून्य-एकच्या पट्टीत साठवतं, एका बाइटमध्ये आठ मासे. तिचे २४ मासे बरोबर तीन बाइटांत बसतात. कामाला याचा काही उपयोग नाही, पण मला गंमत वाटली.

तिनं २३ च्या जागी २१ टाकले. १४ भागिले २१, ६७ टक्के. चेहरा खुलला. मग दुसरं विधान दुरुस्त केलं. दोन झाडांत मिळून जास्तीत जास्त ४२ स्प्लिट वेगळे असू शकतात, ४६ नव्हे. १८ भागिले ४२, ०.४३. चेहरा पडला. दुरुस्तीनंतर विसंगती वाढली होती.

"मॅडम काय म्हणतील?" तिचा प्रश्न. मार्गदर्शक मॅडमचं आधीपासून म्हणणं होतं की ही दोन जनुकं एवढी भांडायला नकोत. दोन्ही माइटोकॉन्ड्रियातली, दोन्ही आईकडून एकत्रच येतात, इतिहास एकच. भांडण दिसत असेल तर ते माशांचं नसून आपल्या हिशेबाचं असण्याची शक्यता जास्त. मला त्यांचं म्हणणं पटत होतं.

म्हणून कोणते स्प्लिट सामाईक आहेत ते नावानिशी बघायचं ठरवलं, आणि इथे माझी चूक. दोन्ही झाडांच्या शून्य-एकच्या पट्ट्या काढल्या, एका यादीतली प्रत्येक पट्टी दुसऱ्या यादीत शोधणारा छोटा कोड लिहिला. उत्तर आलं ३. मी तिला समजावायला लागलो की बघ, फक्त तीनच स्प्लिट जुळतात, म्हणजे विसंगती खरीच मोठी आहे. ती गप्प बसून कागदावर काहीतरी करत होती. मग हळूच म्हणाली, "सर, अंतर १८ आहे ना? मग ४२ मधून १८ गेले २४, त्याचे निम्मे १२. सामाईक १२ यायला पाहिजेत."

अगदी बरोबर. प्रत्येक सामाईक स्प्लिट दोन्ही यादीत एकेकदा असतो, त्यामुळे बेरजेतून अंतर वजा करून निम्मं केलं की सामाईकांची संख्या मिळते. माझे ३ कसे आले? दोन फाइलींत माशांचा क्रम वेगळा होता. एका झाडाच्या पट्टीतली पहिली जागा रोहूची, दुसऱ्याच्या पट्टीतली पहिली जागा कुठल्याशा मरळीची. मी दोन वेगळ्या गावांचे गट नंबर जुळवत बसलो होतो. अंतर काढणारं फंक्शन नावं बघून चालतं, म्हणून त्याचे १८ बरोबर होते. माझा हातचा कोड फक्त जागा बघत होता. अ‍ॅज-स्प्लिट्सला दुसऱ्या जागी पहिलं झाड दिलं की ते टोकांचा क्रम त्याच्याप्रमाणे लावून घेतं. तसं केलं, १२ आले. वीस वर्षं शिकवतोय, आणि आकड्याची उलट तपासणी विद्यार्थिनीनं करून दाखवली. चहा मी पाजला.

आता जुळत नसलेले नऊ-नऊ स्प्लिट समोर होते. ते वाचून काढले तेव्हा खरं दुखणं सापडलं. सीओआयच्या नऊमधला एक स्प्लिट असा: चिलापी क्रमांक २ आणि ४ एकीकडे, बाकी सगळे दुसरीकडे. सोळा-एसच्या झाडात त्याच पाच चिलापींमधल्या १ आणि ५ ची जोडी. मी विचारलं, या पाच चिलापींच्या क्रमांत फरक किती? तिनं फाइल उघडून एकाखाली एक लावले. एकही नाही. सीओआयचे पाचही क्रम अक्षरशः सारखे. तीन रोहूंचंही तेच.

पाच सारख्या क्रमांत कोण कोणाच्या जवळचं, याला उत्तर नाही. पण झाड बनवणारं सॉफ्टवेअर दुफाट्यांचंच झाड देतं. ते या पाचांनाही जोड्या-जोड्यांत बसवतं आणि मधल्या फांदीची लांबी शून्य किंवा जवळपास शून्य ठेवतं. चित्रात ती फांदी दिसत नाही, मोजणीत मात्र येते. पाच सारख्या माशांच्या गठ्ठ्यात अशा तीन खोट्या फांद्या बसतात, तिघांच्या गठ्ठ्यात एक. गठ्ठ्याला बाकी झाडापासून तोडणारी फांदी खरी, आतल्या सगळ्या हवेतल्या. दोन सारखे मासे असतील तर मात्र एकही खोटी निघत नाही, कारण जोडीत आत फांदीच नसते.

म्हणजे २१ पैकी ४ गेले पाहिजेत. 'एप'मध्ये अशा फांद्या मिटवून गाठी एकत्र करायला डीआय-टू-मल्टी आहे. चालवलं, एनस्प्लिट्स म्हणालं १९. चार जायला हवे होते, गेले दोन.

फांद्यांच्या लांब्या छापून पाहिल्या. दोघींची लांबी नेमकी शून्य होती, दोघींची ०.०००००१. आयक्यू-ट्री सहसा फांदीची लांबी दहा लाखाव्या भागाच्या खाली जाऊ देत नाही. ती त्याची तळरेषा. डीआय-टू-मल्टी मात्र न सांगितल्यास एक दहा कोटीव्या भागाहून लहान असेल तीच फांदी मिटवतं. एकाची तळरेषा दुसऱ्याच्या कात्रीच्या वर. चूक कोणाचीच नाही, पण दोघांना एकमेकांचं ठाऊक नाही. मी मर्यादा एक लाखाव्या भागावर आणली. खरी फांदी यात चुकून कापली जाईल का? ६५० बेसच्या क्रमात एका बेसचा फरक म्हणजे साधारण ०.००१५. आपली मर्यादा त्याच्या शंभरपटीहूनही खाली, म्हणजे एका बेसच्या फरकावर उभी असलेली फांदीसुद्धा सुरक्षित. उत्तर १७. सोळा-एसच्या झाडावर तीच मर्यादा लावली तर २१ चे १४ उरले. सावकाश बदलणारं जनुक, सारखे क्रम जास्त, हे अपेक्षितच.

एक बारीक गोष्ट जाता जाता. याच पायरीवर एननोड बघत बसलं असतं तर आणखी गोंधळ झाला असता. मूळ बसवताना 'एप' बाह्यगट सोडून बाकीच्यांच्या गाठीखाली स्वतःची एक शून्य लांबीची फांदी घालतं, आणि डीआय-टू-मल्टी तीही मिटवून टाकतं. म्हणून पहिल्या फेरीत गाठी २३ वरून २० वर आल्या, तीन कमी झाल्या, आणि स्प्लिट दोनच कमी झाले.

नवा हिशेब असा. सीओआय १७, सोळा-एस १४, बेरीज ३१. सामाईक अजूनही १२, कारण गळालेल्यांतला एकही जुळणारा नव्हता. अंतर ३१ वजा २४, म्हणजे ७. सात भागिले ३१, ०.२३. ज्या १८ वर "लक्षणीय विसंगत" हे विधान उभं होतं, त्यातले ११ एकसारख्या माशांच्या कल्पित जोड्यांचे होते. आधाराचं विधानही बदललं: १४ भक्कम स्प्लिट २३ पैकी नव्हेत, २१ पैकी नव्हेत, १७ पैकी. ८२ टक्के. तिचं झाड तिनं लिहिलं होतं त्याहून पुष्कळ चांगलं होतं.

उरलेल्या सातांचंही मी तिला तसंच सोडू दिलं नाही. पाच फक्त सीओआयमध्ये, दोन फक्त सोळा-एसमध्ये. पण एखादा स्प्लिट दुसऱ्या झाडात नाही याचे दोन अर्थ होतात. एक, ते झाड त्या बाबतीत गप्प आहे. दोन, ते उलटं बोलतंय. दोन स्प्लिट एकाच झाडात नांदू शकतात का हे बघायची कसोटी बुनेमन यांच्या १९७१ च्या कामातली: दोन्ही वाटण्या एकमेकांवर ठेवल्या की चार तुकडे पडतात, त्यातला निदान एक रिकामा असला पाहिजे. तिच्या भाषेत सांगायचं तर दोन बांध एकमेकांना छेदता कामा नयेत. पाचांपैकी तीन बांध सोळा-एसच्या कुठल्याच बांधाला छेदत नव्हते. सोळा-एसनं तिथे काही म्हटलेलंच नव्हतं. छेदणारे उरले दोन. एका ठिकाणी सीओआय वामेला मरळीशेजारी बसवत होतं, सोळा-एस चिलापीशेजारी. दुसऱ्या ठिकाणी सीओआय म्हणत होतं रोहू आणि मृगळ, सोळा-एस म्हणत होतं रोहू आणि कटला. सीओआयच्या या दोन्ही फांद्यांचा आधार ९५ च्या खाली, म्हणजे त्या १४ भक्कमांत नसलेल्या तिघांतल्याच.

आधाराचे आकडे मूळ बदलल्यावर भलत्या फांदीवर तर गेले नाहीत ना, हेही तपासून घेतलं. आधार फांदीचा असतो, पण फाइलीत तो गाठीच्या नावाच्या जागी लिहिलेला असतो. मूळ हलवलं की तो शेजारच्या फांदीवर सरकू शकतो. 'एप'मध्ये मूळ बसवताना एजलेबल हा पर्याय चालू ठेवला की सरकत नाही. तिनं ठेवला नव्हता. एक आकडा सरकलेला निघाला, सुदैवानं १४ ची संख्या बदलली नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी निघायच्या आधी तिनं तो परिच्छेद माझ्यासमोर पुन्हा लिहिला. एक लाखाव्या भागाहून लहान फांद्या मिटवल्या हे पहिल्याच वाक्यात घेतलं. मग १७ आणि १४, सामाईक १२, परस्परविरोधी दोन-दोन, आणि त्या चौघांची नावं. "लक्षणीय प्रमाणात विसंगत" हे शब्द खोडले. मॅडमना फोन लावून स्पीकरवर वाचून दाखवलं. पलीकडून आधी काहीच आवाज आला नाही, मग विचारणा झाली, "वामेचे तुकडे डीप फ्रीजरमध्ये शिल्लक आहेत का? सायटोक्रोम-बी जनुक लावून बघू."

शिल्लक होते. विष्णुपुरीच्या दोन कुप्या, झाकणावर मार्करनं तारीख टाकलेल्या.